नववी मात्रा

रविवारी लॅमिंग्टन रोड झोपलेला असतो,
पण शनिवार पाळणाऱ्या एलायझर पेणकरच्या दुकानाचं शटर
कमरेएवढं वर.
वाकून शिरायचं. आत सोल्डरचा वास,
पोट उघडं टाकून पडलेले तीन अ‍ॅम्प्लिफायर,
आणि वाद.

वाद एकच, बेचाळीस वर्षं जुना:
कोण गेल्यावर 'टायडल क्लॉक' संपला?

हिराजी वैती म्हणतो, ऑब्रे गेला तेव्हाच.
गाणाराच गेला, मग उरलं काय? तेरावं?
धुरंधरबाईंच्या मते गाणारा म्हणजे दारावरची पाटी,
घर होतं ते कीबोर्डवर.
मिनूने ऑर्गन विकून सिंथेसायझर घेतला
तेव्हा बाईंनी म्हणे वर्षभर सुतक पाळलं,
आणि नंतरची प्रत्येक कॅसेट विकत घेतली.
पेणकर बोलत नाही. ड्रमर चार झाले,
त्यातल्या तिघांकडून त्याचं येणं आहे अजून.

बेस गिटारवर विषय आला की आवाज खाली येतात.
बेसवर केर्सी. मग बाकीचे.
पुरावा हिराजीच्या खिशात असतो:
नोव्हेंबर अठ्ठ्याऐंशी, रंगभवन,
कुणीतरी चोरून भरलेली कॅसेट, आता फोनमध्ये.
अकरा मात्रांचा तुकडा, तीन तीन तीन दोन,
आणि चौथ्या आवर्तनात, नवव्या मात्रेवर,
केर्सी वाजवतच नाही.
भोक. नुसतं भोक.
सगळा बँड त्यात पडतापडता
दहाव्यावर पाय टेकतो.
"ही हिंमत," हिराजी म्हणतो. "ही शिकवून येत नाही."
बाई डोळे मिटतात.
नंतर आलेल्या तिघांनीही ते भोक जपलं,
देवाच्या मूर्तीचा उडालेला टवका जपावा तसं.

मी कधी सांगितलं नाही.
केर्सी त्या रात्री मसीनाच्या वॉर्डात होता,
काविळीने पिवळा, उसाचा रस पीत,
आणि त्याची टोपी माझ्या डोक्यावर होती.
मिनू आमच्याच बिल्डिंगमधला, खेतवाडीचा.
दुपारी दारात उभा: तू लग्नांत वाजवतोस ना?
मागे अंधारात राहा, टोपी ओढून घे, कोण बघतंय.
पोर्ट ट्रस्टच्या ऑडिटमध्ये हाफ डे टाकून
मी तीन तासांत अडीच तासांचं पाठ केलं.
टोपी सैल होती. घाम होता.
चौथ्या आवर्तनात चष्मा नाकावरून सुटला
आणि मी तो धरला.
डाव्या हाताने.
एक मात्रा.

टाळ्या पडल्या त्या केर्सीला.
मला शंभर रुपये आणि टॅक्सीभाडं.
केर्सीने बरा झाल्यावर ती कॅसेट ऐकली,
आणि पुढच्या कार्यक्रमापासून
नवव्या मात्रेवर तोही थांबू लागला.

आज वाद नव्या मुलीवरून.
ग्रिसेल्डा तुस्कानो, वसईची, चोविशीची.
काल वांद्र्याला चौथ्या आवर्तनात
तिने नववी मात्रा वाजवली.
अख्खी. स्वच्छ. जशी लिहिली होती तशी.
"कुणी सांगितलं नाही हिला?" हिराजीचा चहा हिंदकळतो.
"भोक बुजवून टाकलं!"
"आता मात्र संपला," धुरंधरबाई म्हणतात.
इतक्या वर्षांत दोघांचं पहिलं एकमत.

पेणकर इस्त्री टेकवावी तशी सोल्डरगन टेकवतो.
"तू होतास ना काल? कसं वाटलं?"
छान, मी म्हणतो. बरोबर वाजवलं तिने.

हिराजी हसतो. मायेनेच पाठीवर थाप मारतो:
"तू हिशेब बघ बाबा,
बेसमधलं तुला काय कळतं!"

थाप जरा जोरात बसते.
मी चष्मा धरतो.